कामून? स्त्रियांच्या चेहऱ्यावरचे केस : कारण कोणतं आणि दोष कुणाचा

(लातूर आणि नांदेड इथे दिलेल्या दोन व्याख्यानांचं एकत्रित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला फोन केला. म्हणाले, "सर, पत्रिकेत छापण्याची काही चूक झाली का?" चूक झालेली नाही. जन्मभर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं बायकांच्या मिशीवर बोलावं, हे अनेकांना विचित्र वाटलं. आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. जे वैद्यकाचं आहे ते आम्ही वाचून आणि डॉक्टर स्नेह्यांकडून तपासून घेऊन सांगणार आहोत. आमचा स्वतःचा अधिकार एकाच शब्दापुरता आहे. तो शब्द म्हणजे 'कारण'.

मराठवाड्यात आपण 'का' असं फारसं विचारत नाही. 'कामून' विचारतो. "कामून रडायलंय लेकरू?" "कामून उशीर झाला?" या एका शब्दात दोन प्रश्न दडलेले असतात. पहिला, हे कशानं घडलं? दुसरा, यात चूक कुणाची? पावसाला आपण पहिला प्रश्न विचारतो, माणसाला बहुतेक वेळा दुसरा. मुलीच्या ओठावर, हनुवटीवर राठ केस आले की घरात 'कामून' विचारलं जातं, आणि ते दुसऱ्या अर्थानं विचारलं जातं. आजचं सगळं बोलणं एवढ्यासाठीच आहे, की हे दोन प्रश्न वेगळे करता यावेत.

आमचं चुकलेलं अनुमान

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तर्कशास्त्राच्या वर्गात एक मुलगी होती. शेवटच्या बाकावर बसायची, ओढणी हनुवटीपर्यंत. वर्गातला सगळ्यात उत्तम निबंध तिचा असे. पण समोर येऊन वाचून दाखव म्हटलं, की मान खाली. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा रागावलो. वर्षाच्या शेवटी शेरा लिहिला : 'अभ्यास उत्तम. आत्मविश्वासाचा अभाव.'

काही वर्षांपूर्वी ती लातूरला भेटली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगी सोबत होती, नीटच्या तयारीसाठी लातूरला ठेवलेली. बोलता बोलता त्या शेऱ्याचा विषय निघाला. ती हसली आणि म्हणाली, "सर, आत्मविश्वास होता हो. मिशी होती."

समोर उभं राहिलं की पहिल्या बाकावरची पोरं आपसांत खुणा करायची, हे तिनं तेव्हा सांगितलं. पाहायला आलेली दोन स्थळं परत गेली. घरात कुणी डॉक्टरचं नाव काढलं नाही, कारण 'त्यात दाखवायचं काय?' पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही, तेही कुणाला सांगितलं नाही. अडतिसाव्या वर्षी साखर निघाली, म्हणजे मधुमेह. तिच्या परवानगीनं हे सांगतो आहोत. नाव-गाव आम्ही सांगणार नाही, तुम्ही ओळखायचा प्रयत्न करू नका.

आम्ही वर्गात हेत्वाभास शिकवत होतो. दिसायला हेतू, प्रत्यक्षात हेतू नाही, तो हेत्वाभास. आणि त्याच वर्गात, त्याच मुलीबद्दल आम्ही स्वतः तो करत होतो. ती गप्प बसते, म्हणून तिला आत्मविश्वास नाही! गप्प बसण्याला दुसरं कारण असू शकतं, हे आमच्या मनाला शिवलंही नाही.

घडा, माती आणि गाढव

आता आमच्या मुलखातलं थोडं सांगू द्या. न्यायदर्शनात कारणाची व्याख्या मोठी काटेकोर आहे. कार्याच्या आधी जे नेहमी हजर असतं आणि ज्याच्यावाचून कार्य अडतं, ते कारण. त्याचे तीन प्रकार मानतात. ज्याच्यात कार्य घडतं ते समवायी कारण, जसे कापडाचे धागे. त्या धाग्यांतच राहणारा जो गुण कापड घडवतो, म्हणजे धाग्यांचा परस्परांशी संयोग, ते असमवायी कारण. आणि बाहेरून येऊन घडवणारा विणकर, माग वगैरे, ते निमित्त कारण.

चौथी गोष्ट आमच्या फार आवडीची, ती म्हणजे 'अन्यथासिद्ध'. कुंभारानं घडा केला. त्याची माती गाढवावरून आली. घडा व्हायच्या आधी गाढव तिथं हजर होतं की नाही? होतं. पण म्हणून गाढव घड्याचं कारण होत नाही. माती डोक्यावर आणली असती तरी घडा झालाच असता. आधी हजर असूनही जे कारण नसतं, ते अन्यथासिद्ध.

चेहऱ्यावरच्या केसांबाबत हे चारही नीट लावता येतात. थोडं ओढून-ताणून लावतो आहोत, हे मान्य. पण समजायला सोपं जातं.

माती : केस नवे उगवत नाहीत

पहिला गैरसमज हा, की अमक्या बाईला 'केस आले' म्हणजे जिथं काही नव्हतं तिथं नवं काही उगवलं. तसं नसतं. माणसाच्या अंगावर सुमारे ५० लाख रोमकूप असतात, म्हणजे केसांची मुळं. ती आईच्या पोटातच तयार होतात आणि जन्मानंतर नवी बनत नाहीत. तळहात, तळपाय आणि ओठांचा लाल भाग सोडला तर ती सगळीकडे असतात. बाईच्या आणि पुरुषाच्या चेहऱ्यावरच्या मुळांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक नाही. प्रत्येक स्त्रीच्या गालावर, ओठावर, हनुवटीवर लव असतेच. उन्हात तिरपं पाहिलं की दिसते.

घडतं ते एवढंच, की त्यातल्या काही मुळांमधली मऊ, बारीक, बिनरंगाची लव जाऊन तिथं राठ, काळा, लांब केस येऊ लागतो. मुलगा वयात येताना त्याच्या चेहऱ्यावर हेच होतं. म्हणजे दाढी-मिशीची 'माती' पुरुषाची आणि स्त्रीची एकच आहे. ती पुरुषाची खासगी मालमत्ता नाही.

धाग्यांचा गुण : मुळाची संवेदनशीलता

लवेचा राठ केस करणारी द्रव्यं म्हणजे अँड्रोजन गटातली संप्रेरकं, टेस्टोस्टेरॉन त्यातलं प्रमुख. त्याला 'पुरुषी हार्मोन' म्हणायची सवय पडली आहे. हे नाव अर्धवट आहे. प्रत्येक निरोगी स्त्रीच्या शरीरात ते तयार होतं, अंडाशयात आणि मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत. प्रमाण पुरुषाच्या दशांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण असतं, आणि लागतंही.

रक्तातलं टेस्टोस्टेरॉन केसाच्या मुळापाशी पोचलं की तिथलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं अधिक जोरदार रूप करतं. हे विकर किती काम करतं आणि मूळ त्या संप्रेरकाला किती दाद देतं, हे प्रत्येकीत वेगळं असतं, घराण्यानुसार आणि वंशानुसार वेगळं असतं. म्हणून काही बायकांच्या रक्तातलं सगळं प्रमाण व्यवस्थित असतं, पाळी महिन्याच्या महिन्याला येते, तरी ओठावर राठ केस असतात. आईला होते, आजीला होते, मावशीला आहेत. दोष रक्तात नसतो. मुळांचा कान तेवढा तिखट असतो! हळू बोललेलंही त्यांना ऐकू येतं. हा रोग नव्हे.

मग किती केस म्हणजे जास्त? १९६१ साली लंडनमध्ये फेरीमन आणि गॉलवे या दोघांनी यासाठी मोजपट्टी केली. आज वापरतात त्या सुधारलेल्या रूपात शरीराचे ९ भाग पाहतात, ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ, मांड्या वगैरे, आणि प्रत्येकाला ० ते ४ गुण देतात. पुष्कळ वर्षं ८ किंवा अधिक गुण म्हणजे 'जास्त' असं धरत. आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत वंशानुसार ४ ते ६ ही रेषा सांगतात. म्हणजे बघा, मुळात ही एक रेघ आहे, माणसांनी मारलेली आणि माणसांनी हलवलेली. रेघेच्या अलीकडची बाई 'बरोबर' आणि पलीकडची 'चूक', असा तिचा अर्थ नाही. रेघ ओलांडली तर आत काय चाललंय ते पाहा, एवढीच ती सूचना आहे.

कुंभार : बाहेरची निमित्तं

आता निमित्त कारणं. यांत सगळ्यात जास्त आढळणारं एकच आहे. डॉक्टर त्याला पीसीओएस म्हणतात, आपल्याकडं पीसीओडी हे नाव रूढ आहे, आणि घरोघरी 'अंडाशयात गाठी' म्हणतात. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं. पाळी अनियमित, अंगावर राठ केस, अंडाशयं मोठी. पण 'गाठी' हा शब्द घाबरवणारा आणि चुकीचा आहे. त्या खऱ्या गाठी नसतात. दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडायला हवं, ते न पडता अर्ध्यावर थांबलेल्या बीजांच्या त्या लहान लहान पिशव्या असतात.

यामागं इन्शुलिनची गोष्ट आहे, आणि ती आपण समजून घ्यायलाच हवी. शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडू लागतं. हे जास्तीचं इन्शुलिन दोन कामं करतं. एक, अंडाशयाला जास्त अँड्रोजन बनवायला लावतं. दोन, यकृतात तयार होणारं एक प्रथिन कमी करतं. हे प्रथिन रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवण्याचं काम करत असतं. बांधणारा कमी झाला की मोकाट सुटलेलं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि थेट केसांच्या मुळांशी जातं. म्हणजे हनुवटीवरच्या केसाचा धागा पकडून मागं मागं गेलं, की आपण साखरेच्या रोगाच्या दारात पोचतो.

आता कुणी म्हणेल, हे जाड्या बायकांचं दुखणं आहे. तसंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं इतकी लहान, पण त्या मानानं अंगावरची चरबी मात्र त्यांनी राखलेली. स्नायू कमी, चरबी टिकून. दिसायला बारीक, आतून जाड, असं हे शरीर. आपल्याकडं सडपातळ माणसाला साखर होते ती अशी, आणि काडीसारख्या मुलीला पीसीओएस होतो त्यातही याचा वाटा असू शकतो.

प्रमाण किती? मुंबईत परळला प्रजनन आणि बालआरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या संशोधकांचा मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका निकषानं २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला, दुसऱ्या, जास्त कडक निकषानं १०.७ टक्के. मुली त्याच, पण व्याख्या बदलली की आकडा निम्म्यावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांत ८ ते १३ टक्के हे प्रमाण सांगितलं होतं, आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना आपल्याला हे आहे याचा पत्ताच नसतो असंही सांगितलं होतं. कडक आकडा धरला तरी दहा मुलींत एक. लातूरला शिकवणीच्या एका वर्गात शंभर मुली बसल्या असतील तर हिशेब तुम्हीच करा.

त्या शिक्षिकेच्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिच्या मानेवर मागं काळपट, मखमलीसारखा जाडसर थर होता. आई दर रविवारी दगडानं, नारळाच्या शेंडीनं मान घासायची, कातडी लाल होईपर्यंत. "अंघोळ नीट करत नाहीस" म्हणून बोलायची. तो मळ नव्हता. इन्शुलिन वाढल्याची ती खूण असते. मान काळी, पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, या तिन्ही गोष्टी एकाच घरातल्या बहिणी आहेत. तिन्ही दिसत होत्या आणि तिघींनाही वेगवेगळी शिक्षा होत होती. एकीला दगड, एकीला थ्रेडिंग, एकीला मौन.

बाकीची निमित्तं थोडक्यात.

वय. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन झपाट्यानं उतरतं, अँड्रोजन मागं रेंगाळतं, पारडं कलतं. आमच्या आजीच्या हनुवटीवर दोन पांढरे राठ केस होते आणि आम्ही नातवंडं ते ओढायचो. ती हसायची. त्या वयात कुणी कामून विचारत नाही!

जन्मजात कारण. अ‍ॅड्रिनल ग्रंथीतल्या एका विकराची उणीव जन्मतः असते. तिच्या सौम्य प्रकारात वयात आल्यावर केस वाढतात आणि पाळी बिघडते, त्यामुळे ती पीसीओएससारखी दिसते. सकाळी केलेल्या रक्ताच्या एका तपासणीनं फरक कळतो. यात सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं, स्वतः ते दोघं निरोगी असतात. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत जुनी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. नात्यातल्या लग्नात असे दोन जनुक एकत्र येण्याची शक्यता वाढते. इथं कुणाला बोल लावायचा नाही, पण डॉक्टरांना 'आईवडील नात्यातले आहेत' हे सांगायला विसरू नका.

औषधं. एंडोमेट्रिओसिससाठी देतात ते डॅनॅझोल, शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टिरॉइड्स. फिट येण्यावरचं फेनिटॉइन आणि टकलावर लावायचं मिनॉक्सिडिल यांनीही केस वाढतात, पण ते पुरुषी ठेवणीनं न येता सरसकट वाढतात. आणि आपल्या बाजारातली सगळ्यात वाईट सवय म्हणजे गोरं होण्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टिरॉइडची मलमं. महिनोन्‌महिने चोळली की चेहरा लाल होतो, कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात आणि केसही वाढतात. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ साली कडक झाला. नियम कागदावर आहे आणि ट्यूब अजून मैत्रिणीकडून मैत्रिणीकडं जाते आहे.

आणि शेवटचं, विरळ पण धोक्याचं. अंडाशयातली किंवा अ‍ॅड्रिनलमधली अँड्रोजन सोडणारी गाठ, किंवा कॉर्टिसॉल बेसुमार वाढवणारा कुशिंगचा विकार. याची ओळख वेगामुळं होते. वर्षानुवर्षं हळूहळू आलेले केस वेगळे आणि चार-सहा महिन्यांत भराभर वाढलेले वेगळे. आवाज घोगरा होणं, कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस मागं हटणं, पाळी एकदम बंद पडणं, पाळी केव्हाच थांबलेल्या बाईला अचानक दाढी येणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. लाजेला इथं जागा नाही.

गाढवं

आता ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या कारण समजत आलो ती गाढवं.

'वस्तरा लावला म्हणून केस दाट झाले.' मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली हे मोजून पाहिलं. दाढी करण्यानं केसाचा वेगही वाढत नाही आणि जाडीही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो राठ लागतो, एवढंच. मुळात ज्या वयात केस वाढत असतात त्याच वयात मुलगी पहिल्यांदा वस्तरा किंवा दोरा लावते. वाढ आधीच सुरू असते, वस्तरा फक्त हजर असतो.

'लहानपणी कणकेच्या गोळ्यानं लव काढली नाही, म्हणून.' तान्ह्या मुलीला बाळंतिणीच्या खोलीत रोज कणकेनं, बेसनानं चोळायचं. नवजात बाळाची ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते. कावळा बसला आणि फांदी तुटली, त्यातलाच प्रकार. आणि चोळून मुळं जात नाहीत, कातडी मात्र सोलते. ज्या आईनं चोळलं नाही तिच्या माथ्यावर सोळा वर्षांनी खापर फुटतं, हे त्याहून वाईट.

'अंगात उष्णता', 'गरम खाणं', 'पुरुषी स्वभाव', 'सायकल चालवली, मैदानात खेळली'. ही सगळी गाढवंच. शेवटच्या दोघांचं तर पाहा, गाढव असतंच असं नाही, मागाहून आणून बांधलेलं असतं.

दोष कुणी मांडला?

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात लग्नासाठी कोणती मुलगी वर्ज्य, याची यादी आहे. तीत अंगावर केस नसलेली आणि फार केस असलेली, दोन्ही मुली येतात. म्हणजे लक्षण दिसलं होतं, पण विचारलं काय गेलं? 'हिला का झालं' हे विचारलंच नाही, 'हिला करावी की नाही' एवढंच विचारलं. स्थळं पाहणारे आपण आजही त्याच यादीवर चालतो.

त्याच्याही बऱ्याच आधी ग्रीसमध्ये दुसरा प्रकार घडला. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यकीय नोंदींत अब्देरा गावच्या फेथूसा नावाच्या बाईची हकीकत आहे. नवरा हद्दपार झाला, तिची पाळी बंद पडली, अंगावर केस आले, दाढी आली, आवाज राठ झाला. पाळी परत आणायचे सगळे प्रयत्न वैद्यांनी केले, पण ती वाचली नाही. तिला काय झालं होतं ते आज ठरवता येणार नाही. पण त्या वैद्यांनी पाळी आणि दाढी यांचा धागा जोडला होता, आणि तिच्या चारित्र्याबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता. आम्हाला ती नोंद मोठी वाटते ती याचसाठी.

आणि नांदेडकरांना लांब जायचं कारण नाही. १७०८ साली गुरू गोबिंदसिंगांनी याच गावात देह ठेवला, त्यांच्या स्मृतीचं सचखंड हजूर साहिब आपल्या डोळ्यांसमोर आहे. खालसा परंपरेत अंगावरचा केस काढायचा नाही, हा नियम अमृत घेतलेल्या पुरुषांना आहे तसा स्त्रियांनाही आहे. इंग्लंडमधल्या हरनाम कौर यांना पीसीओएसमुळं लहान वयातच दाढी आली. शाळेत छळ सोसला. पुढं त्यांनी दाढी राखली आणि ती घेऊन जाहीरपणे बोलू लागल्या. गिनीज बुकानंही त्यांची नोंद घेतली. प्रत्येकीनं तसंच करावं असं आमचं म्हणणं नाही. ज्यांना केस काढायचेत त्यांनी खुशाल काढावेत. सांगायचं इतकंच की केस तेच, मूळ तेच, संप्रेरक तेच, आणि एका अंगणात ती ठेव आहे, दुसऱ्या अंगणात तो कलंक. कारण एक असून दोष बदलतो. म्हणजे तो दोष केसात नव्हता, पाहणाऱ्यात होता.

चिठ्ठ्यांवर आलेले प्रश्न

(दोन्ही ठिकाणी प्रश्नांसाठी कुणी उभं राहिलं नाही. चिठ्ठ्या मात्र भरपूर आल्या. त्यांतल्या काही.)

*दोरा, वस्तरा, लेझर यांतलं काय वाईट?*

वाईट असं काही नाही. दोरा आणि वस्तरा तात्पुरते. लेझर काळ्या केसावर चालतं, पांढऱ्या केसाला तो काही करत नाही. क्वचित कुणाच्या चेहऱ्यावर लेझरनंतर उलट केस वाढतात, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडंच करावं. पण आतलं निमित्त तसंच ठेवून फक्त वरचे केस काढत राहिलं तर पैसा जातो आणि मुख्य रोग आत वाढतो.

*गोळ्या तीन महिने घेतल्या, फरक नाही. डॉक्टर बदलू का?*

केसाचं चक्र महिन्यांचं असतं. आज औषध सुरू केलं तरी आधीच राठ झालेला केस आपलं आयुष्य पुरं करतो. सहा महिने तरी थांबावं लागतं. यातली काही औषधं गर्भ राहिल्यास बाळाला घातक असतात, तेव्हा लग्न, दिवस राहणं, सगळं डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा.

*मुलगी पंधरा वर्षांची आहे. सोनोग्राफीत गाठी दिसल्या. तिला मूल होणार नाही का?*

या बाईंनी चिठ्ठीवर दोन वेळा 'कृपया' लिहिलं आहे. ताई, आधी श्वास घ्या. पाळी सुरू झाल्यावर पहिली ८ वर्षं सोनोग्राफीच्या चित्रावरून पीसीओएस ठरवू नये, असं आजची मार्गदर्शक सूत्रं सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींचीही अंडाशयं तशी दिसतात. आणि पीसीओएस असला तरी मूल होत नाही असं नाही. बहुतेकींना होतं, काहींना थोड्या औषधाची मदत लागते. वजन जास्त असेल तर त्यातलं शंभरातलं पाच-दहा कमी झालं तरी पाळी सुधारते. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि साखर तपासून घ्या. नांदेडला आणि लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथं हे होतं.

*पाहायला येणाऱ्यांना आधी सांगावं का?*

हा प्रश्न आमच्या विषयाच्या सगळ्यात जवळचा, आणि याला आमच्याकडं सूत्र नाही. रोग लपवू नये, असं आमचं मत. पण ओठावरचे चार केस हा रोग नव्हे, त्याचा जाहीरनामा काढायची गरज नाही. साखरेकडं कल असेल, पाळी अनियमित असेल, तर ज्याच्यासोबत जन्म काढायचा त्याला तिनं स्वतः सांगावं. चार पाहुण्यांसमोर बापानं खाली मान घालून नव्हे.

शेवटी, त्या शिक्षिकेच्या मुलीचं पुढं काय झालं, असं लातूरला एकानं विचारलं. तिला तज्ज्ञांकडं नेलं. साखर सीमेवर निघाली, अजून रोग नाही. रोज संध्याकाळी शिकवणी सुटल्यावर ती तासभर चालते. मान घासणं बंद झालं आहे. आई म्हणाली, "सर, मी तिला पहिल्यांदा नीट विचारलं, कामून होतंय गं हे? आणि ती रडली नाही. म्हणाली, आई, आपण बघू."

चाळीस वर्षांपूर्वी आम्हीही असंच विचारायला हवं होतं.